जयराम पगारेच्या कोपराचा अभ्यास

जयराम पगारेच्या उजव्या कोपराला लोखंडी पट्टी बसवायची, हा निर्णय सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये झाला. मीटिंगला जयराम हजर नव्हता. कोपर त्याचं असलं तरी तो कामगार होता, आणि कामगाराला मीटिंगला बोलावण्याची त्या कारखान्यात पद्धत नव्हती.

खरा विषय व्हॉल्वचा होता. सातपूरच्या त्या कारखान्यात व्हॉल्व तयार होत आणि त्यातले बरेचसे गळत. पण गळतीबद्दल बोलायला लागलं की शेवटी कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि घेण्यासारखी सगळी नावं त्याच टेबलाभोवती चहा पीत बसलेली होती. म्हणून पर्सोनेल मॅनेजर चांदवडकरांनी घसा साफ करून बास्केटबॉलचा विषय काढला. सगळ्यांना हायसं वाटलं.

आदल्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत या मंडळींची टीम फायनलला ओझरच्या टीमकडून एका गुणाने हरली होती. अगदी शेवटी जयरामला दोन फ्री थ्रो मिळाले होते. समोरच्यानं धक्का दिला की पंच आपल्याला रेघेवर उभं करतात, बॉल हातात देतात आणि बाकीच्यांना बाजूला सरायला सांगतात. आडवं कोणी येत नाही. रिंग जागची हलत नाही. अशा परिस्थितीत जयरामने दोन्ही बॉल घालवले होते. कारखान्याचे मालक, म्हणजे मोठे साहेब, हरल्याचं दुःख विसरले होते. पण फुकट मिळालेली वस्तू कोणी टाकून देतो हे त्यांना वर्षभर सहन झालं नव्हतं.

"फ्री थ्रो हे एक ऑपरेशन आहे," वर्क स्टडी ऑफिसर गायधनी म्हणाले. "मटेरिअल ठीक आहे. रिंग ठीक आहे. दोष ऑपरेटरमध्ये आहे."

"मग बदला," मोठे साहेब म्हणाले.

"एवढ्या उंचीचा दुसरा टेंपररी नाही, सर."

"मग दुरुस्त करा."

गायधनींच्या खात्याचं काम असं की, एखादा कामगार एखादं काम किती वेळात करतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि मग ते त्याहून कमी वेळात कसं होतं हे त्याला समजावून सांगायचं. त्यासाठी काळ्या दोरीत ओवलेलं स्टॉपवॉच ते गळ्यात घालत. काही लोक म्हणत, ते झोपतानाही काढत नाहीत. पण लोकांना काही उद्योग नसतो. नुकताच मुंबईला जाऊन त्यांनी एक कोर्स केला होता. तिथे कोणीतरी त्यांना बायोमेकॅनिक्स हा शब्द दिला होता आणि परत मागून घेतला नव्हता. बास्केटबॉल त्यांनी आयुष्यात हातात धरलेला नव्हता. त्यामुळे त्या विषयाबद्दल त्यांचं मन अगदी स्वच्छ होतं. शिवाय दिवाळीनंतर डेप्युटी मॅनेजरची एक खुर्ची रिकामी होणार होती.

जयरामची खुर्ची तर अजून आलीच नव्हती. तो टेंपररी होता. टेंपररीचे ठरावीक दिवस भरत आले की त्याला 'ब्रेक' देत. ब्रेक म्हणजे विश्रांती नव्हे. काही आठवडे घरी बसायचं आणि मग नवा माणूस म्हणून पुन्हा रुजू व्हायचं, म्हणजे कायम होण्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजता येतात. अशा रीतीने जयराम त्याच लेथवर, त्याच फोरमनच्या हाताखाली अनेकदा नवा झाला होता. अडचण अशी की सोयरीक जमवताना मध्यस्थाने मुलगा 'कायम' असल्याचं सांगून टाकलं होतं आणि सासरे सहादू मास्तर पलीकडच्याच गल्लीत राहायचे. त्यामुळे ब्रेकच्या दिवसांत जयराम सकाळी डबा घेऊन सायकलवर निघे, दिवसभर सी.बी.एस.च्या बाकावर बसून एस.टी. गाड्यांच्या पाट्या वाची आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घामेजून घरी येई. घाम खरा होता; उन्हाळ्यात त्या बाकावर कोणालाही येतो. घरच्यांत ही गोष्ट फक्त बायकोला, लताबाईला माहीत होती. ती डबा मात्र रोज पुरता भरून देई.

यंदा मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता: स्पर्धेची ढाल आणा, जयरामला कायम करतो. जयरामने तो शब्द लताबाईला सांगितला. लताबाई म्हणाली, "म्हणजे परत तुमच्याच हातात आलं का?" आणि भाकरी उलटली.

कँटीनच्या मागे कारखान्याचं कोर्ट होतं. मंगळवारी संध्याकाळी गायधनी तिथे कोनमापक, खडू आणि ऑफिसची एक खुर्ची घेऊन आले. त्यांनी प्रथम जयरामची जुनी पद्धत पाहिली. जयराम बॉल कपाळाला लावी, तळहात चड्डीला पुशी, पॅकिंगच्या बायका बघतायत का ते पाही, मग कोंबडीने पंख काढावा तसं कोपर बाहेर काढून बॉल फेकी. बघायला कोणी नसलं की बॉल बरेचदा आत जाई. ही गोष्ट त्याला स्वतःला कला वाटे आणि त्याबद्दल तो टीममधल्या पोरांना उपदेशही करी.

"हे काय आहे?" गायधनींनी विचारलं.

"माझी स्टाईल आहे साहेब."

"ही स्टाईल नाही. हे रिजेक्शन आहे."

मग त्यांनी जयरामला शास्त्र सांगितलं. ताकद हातातून नाही, गुडघ्यातून यायला हवी. कोपर बॉलच्या बरोबर खाली हवं. बॉल जितका उंचावरून खाली येईल तितकं रिंगचं तोंड त्याला मोठं मिळतं. सपाट आला तर तीच रिंग डोळा मिचकावल्यासारखी बारीक होते. शेवटी मनगट मोडायचं, म्हणजे बॉलला उलटी फिरकी मिळते आणि तो कडेला लागला तरी हळूच आत पडतो. आणि बॉल सुटल्यावर हात तसाच वर ठेवायचा. यातलं एक अक्षरही चूक नव्हतं. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. गायधनी साफ चुकले असते तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं.

फ्री थ्रोचे त्यांनी नऊ भाग पाडले. पाय, गुडघा, कंबर, कोपर, मनगट, नजर, श्वास, फेक आणि हात वर. टूलरूमने तातडीचं काम म्हणून जयरामच्या कोपरासाठी बिजागरीची पट्टी करून दिली. ती काटकोनापलीकडे हलत नसे. त्या आठवड्यात व्हॉल्व मशीनवर धरून ठेवायचे दोन जिग करायचे राहून गेले; पण व्हॉल्व काय, ते एरवीही गळत होते. बॉलने कुठल्या वाटेने जावं ती वाट गायधनींनी कँटीनच्या भिंतीवर खडूने काढून दिली.

पहिल्या दिवशी बॉल त्या वाटेने गेला आणि तसाच पुढे कँटीनच्या पत्र्यावर गेला. गायधनींनी लिहून घेतलं, 'उंची समाधानकारक.'

आठवडाभरात जयरामचा एकही बॉल आत जाईना. कोपराचा विचार केला की गुडघा विसरे, गुडघा आठवला की श्वास घ्यायचा राही, आणि सगळं आठवलं की बॉल कशासाठी हातात घेतलाय हेच विसरे. रात्री झोपेत त्याचा हात वर जाऊन तसाच राहू लागला. लताबाईने तो दोनदा खाली केला, मग नाद सोडला.

याच सुमारास युनियनचे सेक्रेटरी काळूभाऊ कँटीनमागे पान थुंकायला आले आणि त्यांना गायधनींच्या हातात चालू घड्याळ दिसलं. काळूभाऊ कळवणकडचे. कारखान्यात त्यांना कोणाचीही भीती नव्हती, पण स्टॉपवॉच दिसलं की त्यांच्या मिशा आपोआप उभ्या राहत. युनियनला विचारल्याशिवाय कामगाराला घड्याळ लावायचं नाही, यासाठी त्यांनी मागे मोठा संप केला होता.

"जया, घड्याळ तुला लावलंय का?"

"मला नाही भाऊ. बॉलला लावलंय."

"बॉल कोण टाकतं?"

"मी."

"मग तुलाच लावलंय."

गायधनी समजावू लागले की हा खेळ आहे, शास्त्र आहे, कामगाराच्याच भल्याचं आहे. काळूभाऊंनी आजवर जी जी गोष्ट अंगावर आलेली पाहिली होती ती कामगाराच्या भल्याचीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गेट मीटिंग झाली. "आज बॉलला घड्याळ लावलं," काळूभाऊ म्हणाले, "उद्या लेथला लावतील, परवा संडासला लावतील." यातली शेवटची शक्यता कामगारांना एकदम पटली आणि सगळे दुपारी मशीनसमोर हात बांधून बसले.

ऐन मालाच्या घाईत हे झाल्यामुळे चांदवडकर वाटाघाटीला बसले. वाटाघाटी दोन दिवस चालल्या. फ्री थ्रो हे कुशल काम की अर्धकुशल, यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी ठरलं ते असं: अभ्यासाच्या वेळी युनियनचा माणूस हजर राहील, त्याला आणि जयरामला कारखान्याचा चहा मिळेल, आणि अभ्यास चालू असेपर्यंत त्या कामगाराला कामावरून कमी करता येणार नाही, ब्रेकही देता येणार नाही. हे शेवटचं कलम काळूभाऊ प्रत्येक करारात सवयीने घालत, जसं लोक पत्राच्या शेवटी 'लहानांस आशीर्वाद' घालतात. चांदवडकरांनीही सवयीनेच सही केली. फायनल तोंडावर होती. ती झाली की अभ्यास संपला.

फायनल पुन्हा ओझरशीच झाली. शहरातल्या एका शाळेचं कोर्ट होतं, मोठे साहेब पुढच्या सोफ्यावर बसले होते आणि सहादू मास्तर जावयाचा पराक्रम बघायला इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. सामना जसा व्हायचा तसा झाला. शेवटी ओझरवाले एका गुणाने पुढे, आणि जयरामला पुन्हा दोन फ्री थ्रो. नियतीला नवीन काही सुचत नाही, हे असं मधूनमधून सिद्ध होतं.

पंचांनी जयरामच्या हातात बॉल दिला. खेळात पट्टी चालत नाही म्हणून ती काढलेली होती, पण कोपर आता पट्टीवाचूनही काटकोनात राहत होतं. बाकावरून गायधनी खालच्या आवाजात सांगू लागले, "पाय. गुडघा. कंबर, कंबर. कोपर. मनगट. नजर. श्वास..."

श्वासाला शिट्टी वाजली. जयरामने बॉल सोडलाच नव्हता.

"काय झालं?" गायधनींनी उठून विचारलं.

"पाच सेकंद झाले," पंच म्हणाले. "बॉल हातात आल्यावर पाच सेकंदांत टाकायचा असतो."

गायधनींनी गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ भागांपैकी प्रत्येक भागाला किती वेळ लागतो हे त्यांनी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजलेलं होतं. फक्त त्यांची बेरीज केलेली नव्हती. त्यांच्या खात्यात बेरीज हे क्लार्कचं काम होतं आणि क्लार्क बहिणीच्या लग्नाला गेला होता.

दुसऱ्या बॉलला जयरामने वेळेचं भान ठेवलं आणि नऊच्या नऊ गोष्टी एकदम केल्या. बॉल सरळ वर गेला, उलटी फिरकी घेत सरळ खाली आला आणि त्याच्याच डोक्यावर पडला. हात मात्र नियमाप्रमाणे वर राहिला. त्या अवस्थेत ओझरवाल्यांनी ढाल उचलली.

जाताना सहादू मास्तरांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, कंपनीत तुम्ही नेमकं काय काम करता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडकरांनी जयरामच्या ब्रेकचा कागद टाईप करायला दिला आणि गायधनींना बोलावून अभ्यास संपल्याची सही मागितली. कागदावर दोनच ओळी होत्या. 'अभ्यास पूर्ण' आणि त्याखाली 'निष्कर्ष'. पहिल्या ओळीवर गायधनींचं पेन टेकलं. दुसरी ओळ वाचून ते उचललं गेलं.

"अभ्यास संपला ना?" चांदवडकरांनी विचारलं.

"संपला कसा?"

"ढाल गेली, गायधनी."

"ढाल हा अभ्यासाचा विषय नव्हता. कोपर होता."

"मग कोपराचं काय झालं?"

गायधनींना रिकामी होणारी खुर्ची दिसत होती, आणि 'निष्कर्ष' या शब्दापुढे काय लिहिलं की तिच्यावर दुसरा कोणीतरी बसेल, हेही दिसत होतं. त्यांनी शांतपणे पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'अभ्यास चालू'.

त्यामुळे ब्रेक टळला. जयराम रोज संध्याकाळी कँटीनमागे बॉल टाकू लागला, काळूभाऊ युनियनतर्फे खुर्चीवर बसून चहा पिऊ लागले, आणि गायधनी नऊ भागांचे आठ, आठांचे सहा करत वेळ पाच सेकंदांच्या आत आणू लागले. सहावरून चारावर आले तेव्हा एक भलतीच गोष्ट घडली. बॉल आत जायला लागला.

जयराम फुलला. आता त्याला वाटू लागलं की ही पद्धत आपणच शोधली. "भाऊ, कोपर आत घेतलं ना, की आपोआप जातो बघा," त्याने काळूभाऊंना सांगितलं.

काळूभाऊंनी बशी खाली ठेवली. "येडा हाय का तू? बॉल गेला की अभ्यास संपला. अभ्यास संपला की ब्रेक. परत जाऊन बस सी.बी.एस.वर गाड्या मोजत."

"मग काय करू?"

"दिवस भरेपर्यंत एक पण आत जायला नको. लय सोपं हाय. गेल्या वर्षी जमलंच की."

पण सोपं नव्हतं. अंगाला एकदा नीट वळण लागलं की बिघडवणं कठीण जातं, आणि वेडावाकडा फेकला तर गायधनींना लगेच कळे. सगळं शास्त्राप्रमाणे करून बॉल तेवढा बाहेर पाडायचा होता. घरी जयराम कपाळाला हात लावून बसला. इतक्या मेहनतीने आलेली विद्या, आणि ती लपवायची.

"त्यात काय एवढं," लताबाई म्हणाली. "अहो, आजवर फुकट चुकवलेत. आता पोटासाठी चुकवा."

जयरामने सराव केला. रिंगच्या पुढच्या कडेवर बोटभर जागा होती. तिथे बॉल लागला की तो आत जातोय असं वाटे आणि मग बाहेर येई. ती जागा त्याला महिन्याभरात पक्की सापडली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इतक्या अचूकपणे दुसरं काहीही तयार होत नव्हतं. गायधनी खंगत चालले. त्यांनी वारा मोजला. जयरामची चप्पल मोजली. त्याला शेवभाजी बंद करायला लावली. पद्धत बिनचूक, अंग बिनचूक, आणि बॉल रोज त्याच ठिकाणी लागून बाहेर. अशी सातत्यपूर्ण चूक त्यांनी व्हॉल्वमध्येसुद्धा पाहिली नव्हती.

पावसाळा सरला आणि जयरामचे दिवस भरले. काळूभाऊ त्याला घेऊन चांदवडकरांच्या टेबलापुढे उभे राहिले आणि मशीन बंद ठेवण्याबद्दल सहज, हवापाण्यासारखं काही बोलले. दिवाळीच्या तोंडावर चांदवडकरांना भांडण नको होतं. दुपारी जयरामला कायम झाल्याचा हुकूम मिळाला. त्याने तो नीट घडी करून शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला. संध्याकाळी तो आधी सासऱ्यांच्या गल्लीतून सायकल नेणार होता, पण सवयीने पाय कँटीनमागे वळले.

पहिला बॉल जाळीला लागून सळकन खाली आला. दुसराही. मग एकेक करून सगळेच. काळूभाऊंनी चहा संपवला आणि दुसरा मागितला. गायधनी खुर्चीवरून उठले.

"आज काय बदललं?"

"काही नाही साहेब."

"काहीतरी बदललंय. कारणाशिवाय परिणाम होत नाही. नीट आठव."

जयरामने आठवून पाहिलं. त्याचा हात छातीशी गेला. "खिशात एक कागद आहे फक्त."

गायधनी जवळ आले. त्यांनी खिसा बाहेरूनच दोन बोटांनी चाचपला, घडीची जाडी पाहिली, दोन पावलं मागे जाऊन जयरामचा डावा खांदा न्याहाळला. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला जो मुंबईच्या कोर्सनंतरही पडला नव्हता. कागदाचं वजन डाव्या बाजूला. उजव्या हाताच्या फेकीला त्याचा समतोल. इतके महिने उत्तर फक्त एका घडीएवढं दूर होतं.

त्यांनी त्याच आठवड्यात अहवाल दिला. 'अभ्यास पूर्ण. निष्कर्ष: खेळाडूच्या डाव्या खिशात घडी केलेला कागद असल्यास फ्री थ्रो यशस्वी होतो.' सोबत आकृती होती. मोठे साहेब खूश झाले, कारण उपाय स्वस्त होता. दिवाळीनंतर गायधनी डेप्युटी मॅनेजरच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिला हुकूम काढला तो टीमच्या सगळ्या बनियनांना डावीकडे खिसे शिवून घेण्याचा.

खिसे शिवून आले. टीममधले उरलेले चारही जण टेंपररी होते. ते खिशात काय घालायचं हे विचारायला गायधनींच्या केबिनमध्ये गेले, आणि युनियनतर्फे काळूभाऊही बरोबर गेले.

"कुठलाही कागद चालेल," गायधनी म्हणाले.

"कुठलाही कसा, साहेब?" काळूभाऊंनी खुर्ची ओढली आणि अहवालाची प्रत टेबलावर पसरली. "अभ्यास जयरामच्या कायमच्या कागदावर झालाय. तुमची सही हाय, मोठ्या साहेबांची सही हाय. या चौघांना पण तोच कागद पायजे. शास्त्र हाय ना हे?"

गायधनींनी फोन उचलला आणि चांदवडकरांना चार हुकूम टाईप करायला सांगितलं. मापं तीच ठेवा, असंही सांगितलं.